दहा लाख डाउनलोड, पण वर्गणीदार किती?

या खेपेचे सगळे प्रश्न एकाच धंद्याभोवतीचे आहेत: ग्राहकांच्या वर्गणीवर चालणारी माध्यम कंपनी. मग ते ओटीटी अ‍ॅप असो, गाण्यांचं अ‍ॅप असो, बातम्यांचं पोर्टल असो की घरावरची डिश. पत्रांत ज्या कंपन्यांबद्दल विचारलं होतं त्यांची नावं आम्ही गाळली आहेत. हिशोबातले आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, ते कुठल्या एका कंपनीचे नाहीत. जिथे खऱ्या कंपनीचं नाव आहे तिथला आकडा त्या कंपनीचाच आहे.

प्रश्न: लातूरला मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. मराठी मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या एका ओटीटी कंपनीचा एसएमई आयपीओ (छोट्या कंपनीची पहिली शेअरविक्री) येतोय. जाहिरातीत दहा लाख डाउनलोड, 2 लाख 60 हजार वर्गणीदार आणि वर्षात 30 टक्के वाढ असं छापलंय. वर्षाची वर्गणी 499 रुपये. आकडे दणदणीत वाटतात. अर्ज भरावा का?

डाउनलोडचा आकडा आधी खोडून टाका. अ‍ॅप उतरवून घ्यायला दमडी लागत नाही. यार्डात ट्रॅक्टर किती आले आणि सौदे किती पटले, यातला फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको.

उरले 2 लाख 60 हजार. हा आकडा खरा असला तरी अर्धवट आहे, कारण नवे किती आले आणि जुने किती गेले हे त्यात दिसत नाही. त्यासाठी प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअरविक्रीचं माहितीपत्र, उघडा. त्यात मुख्य कामगिरी निर्देशांकांचा एक भाग असतो. सेबीच्या नियमामुळे असे आकडे तिथे व्याख्येसकट द्यावे लागतात. समजा तिथे लिहिलंय: वर्षाच्या सुरुवातीला 2,00,000 वर्गणीदार, वर्षात नवे 1,80,000, वर्षअखेर 2,60,000. सुरुवातीचे आणि नवे मिळून 3,80,000 होतात, शेवटी उरले 2,60,000. म्हणजे 1,20,000 लोक गेले. वर्गणी वर्षाची असल्यामुळे हे जाणारे जुन्या दोन लाखांतलेच. दोन लाखांतल्या फक्त 80,000 जणांनी पुन्हा पैसे भरले. नूतनीकरण 40 टक्के.

आता हाच हिशोब पुढे न्या. नवे दरवर्षी 1,80,000 च येत राहिले आणि नूतनीकरण 40 टक्केच राहिलं तर पुढच्या वर्षअखेर 1,04,000 अधिक 1,80,000, म्हणजे 2,84,000 वर्गणीदार. वाढ 30 टक्क्यांवरून थेट 9 टक्क्यांवर. त्याच्या पुढच्या वर्षी 2,93,600, वाढ साडेतीन टक्क्यांहून कमी. पुढे कितीही वर्षं गेली तरी आकडा तीन लाखांच्या वर जात नाही. ही कमाल पातळी एका भागाकारात मिळते: वर्षाचे नवे वर्गणीदार भागिले सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, 1,80,000 भागिले 0.60. तळाला भोक पडलेल्या हौदात नळाची धार तेवढीच राहिली की पाणी एका रेषेशी थांबतं, तसंच हे. 30 टक्के वाढ गृहीत धरून शेअरची किंमत ठरली असेल तर ती किंमत या तीन लाखांपाशी आपटणार.

कंपनी मासिक वर्गणी घेत असेल तर गळतीचा आकडा महिन्याचा दिलेला असतो आणि तो बारीक दिसतो. महिन्याला 2 टक्के गळती असेल तर आजच्या 100 जणांपैकी वर्षाने 78 उरतात. 5 टक्के असेल तर 54. 8 टक्के असेल तर 37.

मग पैशाचा हिशोब. 499 रुपयांत 18 टक्के जीएसटी आत धरलेला असतो. तो काढला की 423 उरतात. वर्गणी गूगलच्या स्टोअरमधून भरली तर साधारण 15 टक्के तिकडे जातात, हाती राहतात 359. (अ‍ॅपलचा नेहमीचा दर पहिल्या वर्षी 30 टक्के आहे, दुसऱ्यापासून 15.) सर्व्हर, ओटीपीचे मेसेज, तक्रार निवारण यांचे माणशी 40 रुपये धरा. राहिले 319. आता जाहिरात खर्चाला नव्या वर्गणीदारांनी भागा. जाहिरातीवर साडेचार कोटी गेले असतील तर 1,80,000 नव्यांसाठी माणशी 250 रुपये. 40 टक्के नूतनीकरणात एक माणूस सरासरी 1.67 वर्षं टिकतो. हे गणित सोपं आहे: 1 भागिले 0.60. वर्षाला 319 प्रमाणे तो एकूण 532 रुपये देतो, त्यातले 250 त्याला आणण्यातच गेलेले. उरतात 282. हेच नूतनीकरण 70 टक्के असतं तर माणूस 3.33 वर्षं टिकला असता आणि 813 रुपये उरले असते. मालिका, सिनेमे, पगार, भाडं, व्याज हे सगळं या उरलेल्यातून भागवायचं आहे. एकाच किमतीच्या, एकाच भाषेच्या दोन कंपन्यांत जवळपास तिपटीचा फरक फक्त टिकण्यामुळे पडतो. म्हणून नवे किती आले यापेक्षा जुने किती थांबले हेच आम्ही आधी बघतो.

आणखी एक पडताळा दोन मिनिटांत होतो. वर्षातले सरासरी वर्गणीदार 2,30,000 गुणिले 423, म्हणजे वर्गणीचं उत्पन्न पावणेदहा कोटींच्या आसपास दिसायला हवं. नफा-तोटा पत्रकात ते 5 कोटी 20 लाखच असेल तर माणशी 226 रुपये पडले. याचा अर्थ कागदावरच्या वर्गणीदारांत मोबाइल रिचार्जबरोबर फुकट मिळालेले, 99 रुपयांच्या सवलतीवाले, कूपनवाले भरपूर आहेत. मग वरचा 319 चा हिशोबही कोसळतो. रिचार्जबरोबर येणाऱ्यांचे पैसे दूरसंचार कंपनी ठोक देते. करार संपला की हे सगळे एका दिवसात कमी होतात. तो करार किती वर्षांचा आहे ते 'जोखमीचे घटक' या भागात शोधा.

परदेशातले नूतनीकरणाचे आकडे इथे लावू नका. आपल्याकडे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी 24 तास ग्राहकाला कळवावं लागतं. रिझर्व्ह बँकेचे हे नियम ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले. यूपीआय ऑटोपेमध्ये त्या दिवशी खात्यात शिल्लक नसली की वसुली फसते. बंद करायचं ठरवून बंद करणारे आणि पैसे कटलेच नाहीत म्हणून गळालेले असे दोन गट कंपनीने वेगळे दाखवले असतील तर चांगलं लक्षण समजा. दुसऱ्या गटातले पुष्कळ परत आणता येतात.

एसएमई आयपीओबद्दल थोडं. 2025 मधल्या बदलांनंतर किमान अर्ज दोन लाखांच्या वरचा असतो, मागच्या तीनपैकी दोन वर्षांत कंपनीने कामकाजातून किमान एक कोटीचा नफा दाखवलेला असावा लागतो आणि आयपीओच्या पैशातून प्रवर्तकांचं कर्ज फेडता येत नाही. 'निधीचा विनियोग' या पानावर जाहिरातीसाठी किती आणि नव्या मालिकांसाठी किती, हे बघा. बहुतेक पैसा जाहिरातीला असेल तर धार वाढवणं चालू आहे, भोक तसंच. नोंदणीनंतर विक्री ठरलेल्या लॉटमध्येच होते आणि घेणारा रोज भेटेल असं नाही. दिवाळीच्या आवकेला लागणारी रक्कम यात अडकवू नका. आणि प्रॉस्पेक्टसमध्ये नूतनीकरणाचा आकडा थेट दिलेला नसेल, वजाबाकीनेही निघत नसेल, तर अर्ज भरू नका.

प्रश्न: मी अंबाजोगाईचा निवृत्त मुख्याध्यापक. माझ्याकडे एका माध्यम कंपनीचे शेअर आहेत. नफा दरवर्षी वाढतो, पण लाभांश नाही आणि कर्ज मात्र वाढतंय. मुलगा म्हणतो, हिशोबात घोळ आहे. खरं असेल का?

घोळ असेलच असं नाही. या धंद्याचा हिशोबच तसा मांडला जातो, आणि घोळ लपवायला सोयीची जागाही तीच आहे.

कंपनीने 10 कोटी खर्चून एक मालिका केली. पैसे चित्रीकरणातच गेले. पण नफा-तोटा पत्रकात हे 10 कोटी एकदम येत नाहीत. मालिका पाच वर्षं चालेल असं धरलं तर दरवर्षी 2 कोटी खर्च लिहिला जातो. पहिल्या वर्षी तिच्यावर 3 कोटी मिळाले तर कागदावर 1 कोटी नफा, आणि तिजोरीत 7 कोटींचा खड्डा. हा खड्डा कर्जाने भरतात. नेटफ्लिक्सचं 2019 सालचं उदाहरण बोलकं आहे. त्या वर्षी निव्वळ नफा सुमारे 187 कोटी डॉलर होता आणि मुक्त रोख प्रवाह (सगळे खर्च रोखीने भागवून हाती उरणारा पैसा) उणे सुमारे 330 कोटी डॉलर. कंपनी रोखे काढून पैसे उभे करत होती. ती त्यातून बाहेर आली, पण जगभर पसरलेले आणि दर महिन्याला पैसे भरणारे ग्राहक तिच्या पाठीशी होते. प्रादेशिक कंपनीला तेवढी उसंत कोणी देत नाही.

तुमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात या जागा बघा. पहिली, हिशोबाच्या धोरणांची टीप. मालिका-सिनेमांचा खर्च किती वर्षांत विभागला जातो, आणि ती मुदत मागच्या अहवालातल्याएवढीच आहे का? तीन वर्षांची पाच केली की 10 कोटींच्या मालिकेवर वर्षाचा खर्च 3 कोटी 33 लाखांवरून 2 कोटींवर येतो. एक पैसा जास्त न कमावता नफा 1 कोटी 33 लाखांनी फुगतो. नेटफ्लिक्स आपल्या मालिकांचा 90 टक्क्यांहून जास्त खर्च चार वर्षांच्या आत लिहून टाकते, कारण प्रेक्षक पहिल्या काही महिन्यांतच बघून मोकळे होतात. पाच-सात वर्षं समान हप्ते लावणारी कंपनी स्वतःलाच समजावत असते.

दुसरी जागा रोख प्रवाह पत्रक. वर्षात कार्यक्रमांवर प्रत्यक्ष किती रोख गेली त्याला नफा-तोटा पत्रकात लिहिलेल्या कार्यक्रम-खर्चाने भागा. 1.1 च्या आसपास असेल तर ठीक. सलग तीन वर्षं दीडच्या वर असेल तर आजचा नफा उद्याच्या खर्चातून उसना घेतलेला आहे. काही भारतीय टीव्ही कंपन्या कार्यक्रमांचे हक्क 'इन्व्हेंटरी'मध्ये, म्हणजे मालसाठ्यात, दाखवतात. उत्पन्न जागच्या जागी आणि इन्व्हेंटरी दरवर्षी फुगती असेल तर पडून राहिलेल्या सिनेमांचा माल साठलाय असं समजा. तो कधीतरी एका फटक्यात तोटा म्हणून लिहून टाकावा लागतो आणि त्या तिमाहीत शेअर कोसळतो.

तिसरी जागा संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप. मालिका बनवणारी निर्मितीसंस्था प्रवर्तकाच्याच घरची आहे का? तिला दिलेले आगाऊ पैसे वर्षानुवर्षं तसेच आहेत का? मुलाला घोळाचा वास येतोय तो बहुधा इथेच सापडेल किंवा इथेच निवळेल.

एक चांगली खूणही सांगतो. वार्षिक वर्गणी आगाऊ येते, पण ती उत्पन्न म्हणून महिन्यामहिन्याने धरतात. मार्चमध्ये 423 रुपये आले तर मार्चच्या उत्पन्नात 35 च येतात, बाकीचे ताळेबंदात देणं म्हणून बसतात. मासिकाच्या वर्गणीचंही असंच असतं: पैसे आलेत, पण अंक अजून द्यायचे आहेत. इंग्रजी अहवालात याला कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी म्हणतात. उत्पन्नात या देण्यातली वाढ मिळवली की खरी वसुली कळते. समजा मागच्या वर्षी उत्पन्न 9.7 कोटी होतं आणि हे देणं 4.2 वरून 5 कोटींवर गेलं, तर वसुली 10.5 कोटी. यंदा उत्पन्न 11 कोटी, पण देणं 5 वरून 4 कोटींवर उतरलं, तर वसुली 10 कोटी. उत्पन्न वाढलं, वसुली घटली. पुढच्या वर्षीचं उत्पन्न आजच कमी झालंय, फक्त ते अजून पत्रकात उतरलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रश्न: परभणीत एक ओळखीचे गृहस्थ मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी बातम्यांचं पोर्टल चालवतात. महिना 50 रुपये वर्गणी, सध्या 1,200 वर्गणीदार. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. पाच लाखांत पाच टक्के हिस्सा देतो म्हणतात. न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण देतात.

न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 2011 मध्ये आजची डिजिटल वर्गणी सुरू केली. 'द अ‍ॅथलेटिक' हे खेळांचं प्रकाशन 55 कोटी डॉलरना घेतल्यावर, 2022 मध्ये त्यांच्या वर्गण्या एक कोटीच्या पुढे गेल्या. इंग्रजी जगभर वाचतात, आणि तिथल्या वर्गणीत शब्दकोडी आणि पाककृतीही विकल्या जातात. ते उदाहरण परभणीत उपयोगाचं नाही. जवळचं घ्यायचं तर संपादक अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाचं घ्या. त्याच्या शब्दाला या भागात वजन होतं, तरी ते दैनिक टिकलं नाही. वाचकांचा मान आणि वाचकांचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशोब असा. वर्षाला 600 रुपये, त्यातून जीएसटी काढला की 508. पैसे गोळा करणाऱ्या गेटवेचे 2 टक्के, म्हणजे 12 रुपये. उरले 496. आठ जिल्ह्यांत एकेक बातमीदार, पगार 20,000 धरला तर वर्षाला 19 लाख 20 हजार. संपादक, दोन उपसंपादक, तंत्रज्ञ, पेट्रोल, जागा मिळून एकूण खर्च 36 लाख धरा. भागाकार करा: साधारण सव्वासात हजार वर्गणीदार लागतात, फक्त तोटा थांबायला. आज आहेत 1,200. (उलाढाल 20 लाखांखाली असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे आज तो खर्च दिसत नसेल. वाढ झाली की तो येणार.)

पाच लाखांत पाच टक्के म्हणजे कंपनीची किंमत एक कोटी ठरवली. एका वर्गणीदारामागे 8,333 रुपये झाले. तो वर्षाला देतो 496, तेही खर्च वजा न करता. आमच्या मते ही किंमत फार आहे. घासाघीस करायला जागा आहे, आणि ती केली नाही तर चूक तुमची.

किमतीआधी विचारा, लोक पैसे कशाचे देतात? अपघाताची, मोर्चाची बातमी दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट येते. पीकविम्याची तालुकावार माहिती, कापूस-सोयाबीनचे भाव, भरतीच्या जाहिराती, महसुली निर्णय, शेतीच्या कामाला लागणारा मजकूर यांना गिऱ्हाईक असतं. त्यांच्याकडून कोणती पानं फक्त वर्गणीदारांना दिसतात आणि त्यातली कोणती जास्त वाचली जातात याची यादी मागा. ती नसेल तर वर्गणीदार बहुधा ओळखीपाळखीतले आहेत, आणि ओळखीपोटी दिलेली वर्गणी एकदाच मिळते.

कागदपत्रांचं ढिलं सोडू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरून कंपनीचे दाखल कागद बघता येतात. एओसी-4 म्हणजे हिशोब, एमजीटी-7 म्हणजे भागधारकांची वार्षिक विवरणी. दोन वर्षं काही दाखलच नसेल तर तिथेच थांबा. शेअर देण्याची रीत कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 मध्ये आहे. तुमच्या नावाने पीएएस-4 हे प्रस्तावपत्र हवं. पैसे तुमच्या खात्यातून कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यात जायला हवेत, रोख चालत नाही, गृहस्थांच्या वैयक्तिक फोन-पेवर तर नाहीच. शेअर 60 दिवसांत मिळाले नाहीत तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, तेही चुकले तर 60 दिवस संपल्यापासून 12 टक्के व्याज. शेअर वाटपाचं विवरणपत्र पीएएस-3 दाखल होईपर्यंत कंपनीला ती रक्कम वापरता येत नाही. अशा रीतीने वर्षात 200 हून जास्त लोकांना शेअर देता येत नाहीत, आणि जाहिरात करून तर मुळीच नाही.

"उद्या परदेशी कंपनी विकत घेईल" असं सांगत असतील तर डिजिटल बातम्यांच्या धंद्यात परदेशी गुंतवणूक 26 टक्क्यांपर्यंतच चालते, तीही सरकारी परवानगीने, एवढं त्यांना ऐकवा. प्रायव्हेट कंपनीतला पाच टक्केवाला स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. मोठा भागधारक विकेल तेव्हा त्याच भावात आपलेही शेअर विकण्याचा हक्क आणि दर तिमाहीचा हिशोब बघण्याचा हक्क, दोन्ही करारात लिहून घ्या.

प्रश्न: क्रिकेटचे हक्क असलेल्या ओटीटी कंपनीत आयपीएलच्या आधी शेअर घेऊन नंतर विकले तर? (बीड)

क्रिकेटचा ग्राहक हंगामी मजुरासारखा असतो, फड संपला की परततो. 2023 ते 2027 या आयपीएल हक्कांसाठी एकूण 48,390 कोटी रुपये मोजले गेले. डिजिटल हक्क हॉटस्टारकडून वायकॉम18 कडे गेले आणि 2023 ची स्पर्धा त्यांच्या जिओसिनेमा या अ‍ॅपवर फुकट दिसली. एप्रिल ते जून 2023 या एका तिमाहीत हॉटस्टारचे सव्वा कोटी वर्गणीदार कमी झाले. पुढे हे दोघे प्रतिस्पर्धी एकाच कंपनीत आले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार हे एकच अ‍ॅप झालं. अशा कंपनीचा जूनअखेरचा आकडा आधीच्या तिमाहीशी नव्हे, मागच्या वर्षीच्या जूनशी ताडून बघा. तुमच्या बेताबद्दल म्हणाल तर आयपीएल कधी आहे हे बाजारालाही ठाऊक असतं.

प्रश्न: मी जालन्यात केबल चालवतो. धंदा उतरतोय हे रोज दिसतं, पण डिश आणि केबल कंपन्यांचे शेअर मातीमोल भावात मिळतायत. घ्यावेत का?

तुम्हाला गल्लीत जे दिसतं ते बहुतेक विश्लेषकांना दिसत नाही, तेव्हा त्यावर विश्वास ठेवा. केबल-डिशच्या कनेक्शनला डीडी फ्री डिशने, मोबाइल डेटाने आणि ब्रॉडबँडबरोबर येणाऱ्या अ‍ॅप्सनी तिन्ही बाजूंनी घेरलंय. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दररचना आली तेव्हा कनेक्शनची मूळ फी आणि चॅनेलचे पैसे वेगळे झाले. त्यानंतर गिऱ्हाइकाला आपण कशाचे किती देतो ते पावतीवरच दिसायला लागलं.

आकड्यांत एक बारकावा आहे. ट्रायच्या अहवालात डिशचे 'सक्रिय' ग्राहक मोजताना 120 दिवसांपर्यंत रिचार्ज न केलेलेही धरलेले असतात. त्यामुळे आज गळालेला माणूस आकड्यातून चार महिन्यांनी जातो. स्वस्त शेअरमध्ये एकच प्रश्न महत्त्वाचा: कर्ज फेडून झाल्यावर ग्राहक संपेपर्यंत किती रोख हाती येईल? परवाना शुल्काची थकबाकी किंवा कोर्टातले दावे यांची 'संभाव्य देणी' ही टीप नक्की वाचा. डिश कंपन्यांत ही रक्कम कधी कधी कंपनीच्या बाजारमूल्यापेक्षाही मोठी असते. कर्ज नसलेली आणि ब्रॉडबँडकडे वळलेली केबल कंपनी असेल तर विचार करण्यासारखी. बाकी मातीमोल आहेत, कारण त्यांचं खरंच तेवढंच मोल आहे.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये नोकरी करतो. अमेरिकेतल्या नेटफ्लिक्स, स्पॉटिफायचे शेअर थेट घ्यायचेत. दोन्ही वर्गणीवरच चालतात, मग एकाच मापाने मोजायचे का?

नाही. नेटफ्लिक्सने मालिका एकदा बनवली की ती दहा लोकांनी बघितली काय किंवा दहा कोटींनी, खर्च तेवढाच. वर्गणीदार वाढले की उरणारा पैसा झपाट्याने वाढतो. स्पॉटिफाय आपल्या उत्पन्नातला साधारण दोन-तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कधारकांना देते. ग्राहक वाढला की हा खर्चही वाढतो. म्हणूनच 2018 मध्ये बाजारात आलेल्या या कंपनीला पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसायला 2024 उजाडलं. स्पॉटिफायमध्ये ढोबळ नफ्याचं प्रमाण (हक्कधारकांचे वगैरे थेट खर्च वजा जाता उत्पन्नातला उरणारा भाग) दर तिमाहीला अर्धा टक्का तरी सरकतंय का ते बघा, नेटफ्लिक्समध्ये कामकाजातल्या नफ्याचं प्रमाण. नेटफ्लिक्सने 2025 पासून दर तिमाहीला वर्गणीदारांची संख्या सांगणं बंद केलंय. 2022 च्या एप्रिलमध्ये फक्त दोन लाख ग्राहक घटल्याचं कळताच तिचा शेअर एका दिवसात सुमारे 35 टक्के पडला होता, हे आठवलं की त्यांची बाजू कळते. पण आता आपल्याला दर वाढवल्यावर उत्पन्न किती वाढलं यावरच भागवायचंय. भारतात मात्र डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी दर उतरवले, मोबाइलचा 199 वरून 149 केला. इथला ग्राहक भावाला किती नाजूक आहे हे त्यांनाही कळलं.

कराचं थोडक्यात: बाहेर पैसे पाठवायची वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर. 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो विवरणपत्रात वळता होतो. 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर 12.5 टक्के कर, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबने. एकच शेअर असला तरी विवरणपत्रात शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा. ते विसरणारे बरेच जण नोटीस आल्यावर सीएकडे धावतात.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ओटीटी कंपनीचा आयपीओपूर्व कोटा, तिप्पट हमी' असा मेसेज आला. मेव्हण्याने 40,000 भरले. आता आणखी मागतायत. (हिंगोली)

आणखी एक रुपयाही देऊ नका, 'पैसे सोडवायला कर भरा' म्हणाले तरी. शेअर बाजारात हमी देणारा सेबी-नोंदणीकृत असूच शकत नाही, तशी हमी द्यायलाच मनाई आहे. मेसेजमध्ये नोंदणी क्रमांक असेल तर तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए ने आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच ने सुरू होतो. दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून वापरणारेही असतात, म्हणून संकेतस्थळावर दिलेल्या फोनवरच विचारा. मेव्हण्यांना आजच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगा. पैसे भरल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि ज्या खात्यात गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तर परत मिळण्याची शक्यता राहते. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या संदेशांचे स्क्रीनशॉट काढून घ्या.